नळाचे पाणी : दिसते स्वच्छ, पण असते का?

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांत दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू होते, आणि पालिकेच्या दवाखान्यात जुलाब, उलट्या, टायफॉइड, कावीळ यांच्या रुग्णांची रांग वाढते. घरात कुणी आजारी पडले की आपण म्हणतो, हवा बदलली, बाहेरचे काहीतरी खाल्ले. पण एकाच गल्लीतल्या तीन-चार घरांतली मुले एकाच आठवड्यात जुलाबाने आडवी झाली, तर ते हवेचे काम नव्हे. त्या सगळ्यांना जोडणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे गल्लीतून गेलेला पाण्याचा पाइप. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली अशा कोणत्याही उपनगरातल्या वस्तीला हे लागू आहे. म्हणून या वेळी आरोग्य पानावर आपल्या नळाच्या पाण्याची नीट माहिती घेऊ.

तलावापासून गल्लीपर्यंत

मुंबईला सात तलावांतून पाणी येते : अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. यांतले विहार आणि तुळशी आपल्या उपनगरांच्या अंगणातच, राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहेत. विहार सर्वात जुना, १८६० सालचा. पवई तलावही आपल्या जवळचाच, पण त्याचे पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत.

बाहेरच्या तलावांचे पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून भांडुप आणि पांजरापूर येथील केंद्रांत शुद्ध होते. भांडुपचे केंद्र आशियातल्या सर्वात मोठ्या केंद्रांत गणले जाते. तिथे आधी तुरटीच्या जातीचे रसायन टाकून गाळ खाली बसवतात, मग वाळूच्या थरातून पाणी गाळतात आणि शेवटी क्लोरीन देतात. तिथून पाणी टेकड्यांवरच्या जलाशयांत चढते आणि ठरलेल्या वेळी आपल्या विभागात सोडले जाते.

आपले पाणी तलावाचे, म्हणजे पावसाचे आहे. त्यात क्षार फार कमी असतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते, त्यामुळे दात आणि हाडे खराब होतात. मुंबईच्या नळाच्या पाण्याचा प्रश्न तसा नाही. आपला प्रश्न जंतूंचा आहे. आणि हे जंतू बहुतेक वेळा केंद्र सोडल्यानंतर, शेवटच्या काही शे फुटांत पाण्यात शिरतात.

पाणी बिघडते कुठे?

आपल्या गल्लीत एकदा खाली बघून चाला. मुख्य वाहिनीपासून निघालेल्या अर्ध्या-पाऊण इंची पाइपांचा जुडगा गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच गेलेला दिसेल. पाइप गंजलेले असतात, सांध्यांना कापड किंवा रबरी ट्यूब गुंडाळलेली असते. लोक म्हणतात, पाइपातून पाणी बाहेर गळते, मग गटाराचे पाणी आत कसे येईल?

त्याचे उत्तर दाबात आहे. पाणी चालू असते तेव्हा पाइपात दाब असतो. फट असली तर पाणी बाहेर उडते, घाण आत येत नाही. पण आपल्याकडे पाणी दिवसातून काही तासच येते. ते बंद झाले की पाइप रिकामा होतो, दाब संपतो आणि त्याच फटीतून गटाराचे पाणी आत झिरपते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटले की ही साचलेली घाण सर्वात आधी आपल्या हंड्यात येते. कर्नाटकात हुबळी-धारवाडला चोवीस तास पाणी येणारे भाग आणि ठरावीक वेळीच पाणी येणारे भाग यांची तुलना संशोधकांनी केली. थांबून-थांबून येणाऱ्या पाण्यात जंतू जास्त सापडले, आणि पाणी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही वेळात ते आणखी जास्त होते.

दुसरे कारण मोटर. दाब कमी म्हणून कुणीतरी थेट नळाच्या लाइनवर मोटर बसवतो. मोटर पाणी ओढते, तशी ती शेजारच्या फटींतून गटारही ओढते. म्हणजे मोटर लावणारा दुसऱ्याचे पाणी तर पळवतोच, पण स्वतःच्या आणि सगळ्या गल्लीच्या हंड्यात घाणही आणतो. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, तेव्हा सिद्धार्थ गौतमांनी युद्धाला विरोध केला, हे आपण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात वाचतो. पाण्याचा तंटा जोर लावून मिटत नाही, वाटून घेऊन मिटतो. गल्लीतल्या मोटरींनाही तेच लागू पडते.

तिसरे कारण आपल्या घरात आहे. पाणी रोज थोडाच वेळ येत असल्याने ते साठवावे लागते. पिंप उघडे राहते, मुले हात घालून तांब्या बुडवतात, तोच तांब्या जमिनीवर ठेवला जातो. नळातून चांगले आलेले पाणीही अशा पिंपात संध्याकाळपर्यंत दूषित होऊ शकते.

डोळ्यांना काय कळते?

पाणी दुधासारखे पांढरे आले, तर काचेच्या ग्लासात घेऊन मिनिटभर थांबा. खालून वर स्वच्छ होत गेले, तर ती फक्त हवा आहे, भिण्याचे कारण नाही. तांबूस आले तर पाइपाचा गंज. गढूळ येऊन तळाशी गाळ बसला, तर कुठेतरी पाइप फुटून माती शिरली आहे आणि मातीसोबत जंतूही शिरले असतील. गटाराचा वास आला किंवा पाण्यात अळ्या, काळे कण दिसले, तर ते पाणी पिऊ नका, त्याने भांडीही धुऊ नका, आणि लगेच तक्रार करा.

क्लोरीनचा वास आला की पुष्कळ जण तोंड वाकडे करतात, ‘पाण्यात औषध टाकले’ म्हणतात. खरे तर हलका क्लोरीनचा वास ही चांगली खूण आहे. रखवालदार जागा आहे, असा त्याचा अर्थ. भारतीय मानकाप्रमाणे घरच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. तो शून्य झाला, तर वाटेत घाणीशी लढताना तो संपला असण्याचा संभव असतो. पालिकेचे कर्मचारी पाण्यात औषधाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहतात, ती या क्लोरीनचीच चाचणी.

पण सर्वात महत्त्वाची गोष्ट अशी, की स्वच्छ, थंड, गोड लागणाऱ्या पाण्यातही जंतू असू शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला कळत नाहीत. म्हणून प्रयोगशाळा ‘ई. कोलाय’ नावाचा जंतू शोधते. हा जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला, म्हणजे त्या पाण्यात मैला मिसळला आहे. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात तो एकही असता कामा नये, असे मानक सांगते. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासून घ्या, हा तथागतांनी कालामांना केलेला उपदेश पाण्यालाही लावावा.

कोणता आजार, किती दिवसांनी?

गॅस्ट्रो आणि कॉलरा काही तासांपासून पाचेक दिवसांत दिसतात, म्हणून त्यांचा पाण्याशी संबंध लवकर लक्षात येतो. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. ताप हळूहळू चढत जातो, डोके दुखते, जीभ पांढरी होते. कावीळ अ साधारण दोन ते चार आठवड्यांनी उमटते, तर कावीळ ई दोन ते दहा आठवड्यांनीही उमटू शकते. म्हणजे आज डोळे पिवळे झाले, तर कारण महिनाभरापूर्वीच्या पाण्यात असू शकते. तोवर पाइप दुरुस्त झालेला असतो आणि दोष मात्र आदल्या दिवशीच्या वडापाववर जातो.

कावीळ अ आणि ई पाण्यातून पसरतात. कावीळ ब आणि क रक्तातून पसरतात, पाण्यातून नाही. कावीळ ई बहुतेकांची आपोआप बरी होते, पण गरोदर बाईला ती फार घातक आहे. शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर पाचातल्या एकीपर्यंत मृत्यू होऊ शकतो. घरात गरोदर सून किंवा लेक असेल, तर तिच्या पिण्याच्या पाण्याची काळजी सगळ्यांत आधी घ्या.

घरात काय करायचे?

नळ सुटल्यावर पहिली दोन-तीन बादली पाणी पिण्यासाठी भरू नका. ते टाकूनही देऊ नका, कपडे, लादी, संडास यांसाठी वेगळे ठेवा. पाणी स्वच्छ वाहू लागले की मग पिण्याचा हंडा भरा.

चार पदरी सुती फडक्यातून पाणी गाळा आणि ते फडके रोज धुऊन वाळवा. भिक्खूंच्या आठ वस्तूंत पाणी गाळण्याचे वस्त्र, म्हणजे परिस्सावन, असते हे आपल्याला माहीत आहे. पाण्यातल्या जिवांची हत्या होऊ नये, हा त्यामागचा हेतू. गाळल्याने गाळ आणि मोठे कण जातात, पण कावीळ आणि टायफॉइडचे जंतू फडक्यातून सहज निघून जातात. तुरटीचेही तसेच. ती गढूळपणा बसवते, जंतू मारत नाही. म्हणून गाळणे ही पहिली पायरी, शेवटची नव्हे.

दुसरी पायरी उकळण्याची. पाणी खदखदा उकळी येऊन निदान एक मिनिट उकळले की जंतू मरतात. नुसते कोमट करून भागत नाही. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून निवू द्या. दुसऱ्या भांड्यात ओतले आणि ते भांडे अस्वच्छ असले, तर सगळी मेहनत वाया जाते.

पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी रोज दहा-बारा लिटर पाणी लागते आणि तेवढे उकळायला गॅस लागतो, हे खरे आहे. परवडत नसेल तर बाळ, गरोदर बाई, म्हातारी माणसे आणि आजारी यांचे पाणी उकळा आणि बाकीच्यांसाठी क्लोरीन वापरा. मेडिक्लोरसारखे थेंब किंवा क्लोरीनच्या गोळ्या औषधांच्या दुकानात मिळतात. साथीच्या काळात आरोग्यसेविकाही गोळ्या वाटतात, त्या कपाटात पडून राहू देऊ नका. बाटलीवर किंवा पाकिटावर लिहिलेले प्रमाण पाळा, पाणी ढवळा आणि अर्धा तास थांबून मगच प्या. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून आधी गाळून घ्या.

साठवणीचे भांडे अरुंद तोंडाचे, झाकणाचे आणि शक्यतो तोटीचे असावे. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि ते खिळ्याला अडकवा. पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून आतून घासा, उन्हात किंवा वाऱ्यावर कोरडे करा. त्यामुळे डेंग्यूच्या डासाची अंडीही निघून जातात. स्वयंपाकाआधी, जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर साबणाने हात धुवा.

फिल्टर घ्यायचा का?

जाहिरात पाहून हप्त्यावर आरओ मशीन घेणारी घरे वाढली आहेत. आरओ मुळात क्षार काढण्यासाठी असते. मुंबईच्या पाण्यात क्षार आधीच कमी आहेत. शिवाय शुद्ध होते त्यापेक्षा जास्त पाणी हे मशीन पुष्कळदा वाया घालवते. पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते. विक्रेता छोटे यंत्र बुडवून आकडा दाखवतो, तो क्षारांचा असतो, जंतूंचा नव्हे. त्या आकड्याला घाबरू नका.

पैसे घालायचेच असतील, तर जंतू अडवणारा साधा फिल्टर घ्या आणि त्याची कांडी वेळच्या वेळी बदला. न बदललेली कांडी ही जंतूंची चाळच होते. बोअरचे पाणी खाडीजवळच्या भागात खारे असते आणि संडासांच्या टाक्यांजवळ दूषित होते. ते पिण्यासाठी वापरू नका. टँकरचे पाणी कुठून भरले ते कळत नाही, म्हणून तेही उकळूनच प्या.

आजार झालाच तर

जुलाब-उलट्यांत जीव जातो तो अंगातले पाणी आणि मीठ संपल्याने. ओआरएसचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा आणि घोट-घोट देत राहा. पाकीट नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ घाला. बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नका. मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात, त्या दवाखान्यात विचारून घ्या. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल सुस्त पडले, शौचातून रक्त आले किंवा जुलाब भाताच्या पेजेसारखे पांढरे होऊ लागले, तर थांबू नका. राजावाडी, कूपर, कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, यांपैकी जे जवळ असेल ते गाठा. साथीच्या रोगांसाठी चिंचपोकळीचे कस्तुरबा रुग्णालय आहे.

कावीळ झाली की अजूनही काही घरांत माळ घालणे, नाकात औषध टाकणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘कावीळ उतरवणे’ चालते. त्या पाण्याला पिवळा रंग येतो तो मंत्राने नव्हे. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, चुन्याशी मिळून तो पिवळा होतो. निरोगी माणसाच्या हातानेही तोच रंग येईल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे चालता कामा नये. काविळीत विश्रांती, साधा आहार, भरपूर स्वच्छ पाणी आणि डॉक्टरांची तपासणी हवी. दारू पूर्ण बंद, आणि मनाने कोणतीही गोळी घेऊ नये. माणूस गुंगीत जाऊ लागला, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

टायफॉइडवर लसही आहे. शेजारच्या नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना ही लस देण्याची मोहीम सुरू केली होती. आपल्या मुलांसाठी डॉक्टरांना विचारा.

पाणी हा हक्क आहे

घरात कितीही उकळले, तरी गटारातला पाइप आपल्या चुलीने दुरुस्त होत नाही. ते काम पालिकेचे आहे, आणि ते करून घेणे आपले.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी तळ्यात पंचगव्य ओतून ते ‘शुद्ध’ केले. म्हणजे माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटले आणि शेण-गोमूत्राने ते शुद्ध झाले! पाणी शुद्ध की अशुद्ध हे जातीवरून ठरत होते. दहा वर्षे खटला लढून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला. आज पाण्याला हात लावायला कुणी अडवत नाही, पण कोणत्या वस्तीत कसे आणि किती पाणी पोहोचते, यात भेद उरला आहे. इमारतीतल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडपट्टीतल्या माणसाला ४५ लिटर, असे पालिकेचे परिमाण राहिले आहे.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पाणी हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी अनधिकृत आहे एवढ्यावरून पाणी नाकारता येणार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. ज्यांना अजून जोडणी नाही, त्यांनी विभाग कार्यालयात याच धोरणाचा आधार घेऊन अर्ज करावा.

दूषित पाण्याची तक्रार १९१६ या क्रमांकावर करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. सोबत विभाग कार्यालयातल्या जलकामे खात्याच्या सहाय्यक अभियंत्यांना आणि आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घाटकोपरसाठी एन, मुलुंडसाठी टी, अंधेरीसाठी के पूर्व व के पश्चिम आणि बोरिवलीसाठी आर मध्य हे विभाग आहेत. अर्जात गल्लीचे नाव, पाण्याची वेळ, कोणत्या तारखेपासून वास किंवा गढूळपणा आहे आणि किती घरांत आजारी माणसे आहेत, हे लिहा. पाण्याचा नमुना घ्यावा, अहवाल मिळावा आणि पाइप गटाराबाहेर उंचावरून न्यावेत, अशी मागणी करा. पंधरा घरांची सही असलेला अर्ज एका घराच्या तोंडी तक्रारीपेक्षा जड असतो.

हे काम विहारातून सहज होऊ शकते. वर्षावासात रविवारच्या वाचनानंतर पंधरा मिनिटे राखून ठेवा. महिला मंडळाने एक वही घालावी : तारीख, गल्ली, पाणी कसे आले, कुणाला जुलाब, कुणाला कावीळ. ‘हायड्रोजन सल्फाइड बाटली’ ही साधी चाचणी बाजारात मिळते. बाटलीत पाणी भरून उबदार जागी एक-दोन दिवस ठेवले आणि ते काळे पडले, तर पाण्यात मैल्याची शंका घ्यावी. ही बाटली १९८२ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच शोधली. तिचा निकाल अंतिम नसतो, पण पालिकेकडे नमुना तपासणीची मागणी करायला तो पुरेसा आहे. तरुण मुलांनी गल्लीतले गळके सांधे मोजून त्यांचे फोटो अर्जाला जोडावेत. नळ कमिटीच्या सेक्रेटरीला बसवून थेट लाइनवरच्या मोटरी काढण्याचा ठराव सगळ्यांसमोर करावा.

चवदार तळ्यावर आपल्या आजोबा-पणजोबांनी पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवला. ते पाणी निर्मळ मिळवणे ही आपल्या पिढीची जबाबदारी आहे. शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा, हे गल्लीतल्या नळापासूनही सुरू करता येते.

जय भीम! नमो बुद्धाय!